गाठ विरघळवणारे सूर

१२ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. गाण्यांच्या ॲपवर ‘गाठ विरघळवणारे सूर’ लागलं आणि पहिल्याच स्वराला ओळखलं, ही आमच्या लबाडाची बासरी! मला बोलला नाहीस ते? मधेमधे कुणी डॉक्टर बोलतात. चाकू लागला की गाठ चिडते, नव्वद दिवस ऐका म्हणतात. माझ्या काखेत बोराएवढी गाठ आहे. डॉक्टरीणबाई लगेच काढायचं म्हणाल्या होत्या, मी तारीख रद्द केली. आज एकाहत्तरावा दिवस. कारखान्यात पुस्तकं शिवताना कानात तूच असतोस. तुझे भाऊजी आदळआपट करतात. त्यांना म्हटलं, माझा भाऊ मला फसवेल का?

वेळेवर जेव. माया आहेच.
तुझी ताई

१६ जानेवारी

ती. ताईस सा. न.

वि. वि. पत्र आज मिळालं. बासरी माझी, पण बोलणं माझं नाही गं. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत एकाने तासभर नुसते लांब सूर वाजवून घेतले. कशासाठी, हे मी विचारलंही नाही. त्या सुरांनी गाठ काय, साधी सर्दी जाणार नाही. सकाळपासून फोन लावतोय, तू उचलत नाहीस. कानात मीच वाजत असेन. भाऊजींशी बोललो. उद्याच्या गाडीने येतोय, आपण दवाखान्यात जाऊ.

रागाव, पण दार उघड.
धाकटा

१० मार्च

ती. ताईस सा. न.

वि. वि. टाके सुकले का? ॲपवाल्यांचं उत्तर आलं. तक्रारीची नोंद घेतली म्हणे. त्यांनी ते सूर ॲपवरून काढले, आणि आठवड्यात दुसऱ्या नावाने पुन्हा आले. बासरी तीच. मी रोज तक्रार करतो, दुसरं काय करू सुचत नाही. मला माफ करशील का?

तुझ्या दोन ओळींची वाट पाहतो.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वि. वि. माफ केलं असं लिहायला दोनदा बसले, दोन्ही कागद फाडले. तुझी चूक नाही हे कळतं. तरी राग तुझ्यावरच येतो, कारण त्या डॉक्टरला तोंड नाही आणि तुला आहे. तपासण्या आल्या. गाठ यकृतात पोचली आहे. नोव्हेंबरात आला असतात तर ती एकटीच होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काल दवाखान्यात बाकावर शेजारची बाई कानात तेच लावून बसली होती. ऑपरेशनच्या यादीतून नाव काढायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं, टाके दाखवले. वाजवणारा माझा सख्खा भाऊ आहे, हेही सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. असा हातगुणाचा भाऊ मिळायला भाग्य लागतं म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन नाव काढून आली.

आज एवढंच लिहवतं.
ताई