बंद घरात राहतं कोण?

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढायला लागली का? धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. माझं दुकान नेहमीसारखंच चाललंय. लोक चष्म्यावर बसतात, मग येऊन माझ्यावर ओरडतात की दांडी तकलादू आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला हे जमणार नाही.

आधी घराचं सांगते. टाकीतून न्हाणीघराकडे येणारा पाइप भिंतीत फुटला, इथपर्यंत तुला माहीत आहे. मधल्या खोलीचं अर्धं छत खाली आलंय. आईचं कपाट फुगून बसलंय, त्याचं दार लागत नाही. पंखा तेवढा वाचला. भिंतीला हात लावला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि मला तो सोलत बसायची खोड लागली आहे.

विमा कंपनीचं म्हणणं तू ऐकलंच आहेस. आपला विमा राहत्या घराचा. घर बरेच दिवस सलग बंद राहणार असेल तर आधी कळवायचं, नाहीतर पाण्याच्या नुकसानीचं ते काही देत नाहीत. आई गेल्यावर आपण कळवलंच नाही. "चिमी चक्कर मारतेच की अधूनमधून," असं तू म्हणालास आणि विषय संपला. आता गळ्याशी आल्यावर तूच तोड काढलीस: "सांगून टाक, तूच राहतेस तिथे म्हणून. एक गादी टाक, चार भांडी मांड, दोरीवर दोन कपडे वाळत घाल. कोण एवढं बघतंय?"

"बरं," म्हणाले मी. फोन ठेवला आणि हसत सुटले. हसू थांबेना, शेवटी तोंडावर पाणी मारलं.

(मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले. चहा केलाच नव्हता, तरी.)

काल कंपनीचा सर्व्हेअर आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बोलताना सारखा भिंत ठोकून बघणारा माणूस. छताचे फोटो काढले, मग स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर माझा कप, खिडकीत टूथब्रश, दोरीवर कपडे. सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "ताई, सगळेच असं मांडून ठेवतात हो. एकांनी तर दारात मुलाची सायकल ठेवली होती. दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती."

"मी काही मांडलेलं नाही."

"मग इथे राहतं कोण?"

दादा, तू शिकवलेलं खोटं जिभेच्या टोकावर होतं. आणि तेच खरं होतं. तरी मला बोलवेना. ओट्यावरचा कप उगाच विसळायला घेतला.

तो सरळ समोरच्या शिवणवाल्या काकूंकडे गेला. मी त्याच्या मागे मागे. माझी समजूत अशी, की कुणाला पत्ता नाही. मी दिवा मागच्या खोलीतच लावायची, ये-जा मागच्या दाराने. काकूंनी मशीनसुद्धा थांबवलं नाही. "ती ना? तीच राहते. उन्हाळ्यापासून. दुकानातून येते, मागे जाऊन कुलूप काढते आणि स्वतःशीच बोलत बसते. आम्ही नाही विचारलं. सांगायचं तेव्हा सांगेल."

तर दादा, ते घर बंद नव्हतंच. मी राहते त्यात.

लिहिलं एकदाचं.

तुझ्या मित्राने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला काही केलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण तू पहिलं तेच विचारशील. हात उगारत नाही, पीत नाही, बाहेरचं काही नाही. तो अबोला धरतो. लग्नानंतर पहिल्यांदा धरला तेव्हा आई म्हणाली, "निवळेल दोन दिवसांत." दोन दिवसांचे आठवडे झाले आणि आठवड्यांचे महिने. ताट पुढे सरकवलं की आपण समजून वाढायचं. राग कशाचा, ते मी शोधून काढायचं. शोधायचे, माफी मागायचे. भलत्याच गोष्टीची मागितली गेली की अबोला पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा शेवटचा कशावरून होता, ते मला अजून कळलेलं नाही. आता अशा गोष्टीची तक्रार कुणाकडे करायची? "बोलत नाही" म्हटलं की बायका म्हणतात, नशीबवान आहेस बाई, आमचा गप्पच बसत नाही.

उन्हाळ्यात इथे झाडलोट करायला आले होते. झाडता झाडता म्हणून गेले, "अगं बाई, किती ही धूळ!" रिकाम्या खोलीत आवाज घुमला आणि मी दचकले. कितीतरी दिवसांनी घरात माणसाचा आवाज ऐकला होता, आणि तो माझाच होता. संध्याकाळी परत निघायला पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, आणि पिशवी खाली ठेवली.

तू दर रविवारी त्याला फोन करतोस तेव्हा मी 'बाजारात' असते, नाहीतर 'आंघोळीला'. तो खोटं बोलतो, आणि मीही तुझ्याशी बोलले. पाइप फुटल्याचं काकूंनी कळवलं, असं मी सांगितलं होतं ना? कुणी कळवलं नव्हतं. कामावरून आले तर उंबऱ्यावरून पाणी वाहत होतं.

आता सर्व्हेअर म्हणतो, राहतं घर म्हणून अहवाल देईन. पण घर तुझ्या नावावर. बहीण माझ्या संमतीने राहते, असं तुझ्या सहीचं पत्र त्याला हवंय. तू सही केलीस तर ही गोष्ट लपणार नाही, आणि तुमची दोघांची मैत्री माझ्या लग्नाच्या आधीची. नाही केलीस तर छत आपल्या माथी.

पण छतासाठी सही करू नकोस, दादा. छताचं मी बघेन काहीतरी. करायची तर मी इथे राहते म्हणून कर.

पत्र आत्ताच टाकून येते. घरात राहिलं तर फाडेन.

तुझी,
चिमी


२ नोव्हेंबर

दादा,

कंपनीने दावा मंजूर केला. गवंडी कामाला लागलाय. माझ्यापेक्षा जास्त बडबड करतो, म्हणजे बघ. सगळ्या घरात ओल्या सिमेंटचा वास आहे आणि मी या खोलीतून त्या खोलीत नुसती सामान हलवत फिरते.

सही केलीस, त्याबद्दल काय लिहू? तू मात्र त्यात 'तात्पुरती राहते' असं लिहिलं होतंस. तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला. दुकानात एका गिऱ्हाइकाची काच उलटी बसवली.

आणि मग काल तुझा फोन. तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. म्हणालास, "चिमे, त्याला समजवायला म्हणून फोन केला होता. त्याने उचलला. मी हॅलो, हॅलो करत राहिलो. तो ऐकत होता गं, श्वास ऐकू येत होता. पण एक शब्द नाही. परत केला, परत तेच. मी काय केलं त्याचं?"

दादा, मी त्या घरात इतकी वर्षं हाच प्रश्न विचारत होते.

मला वाईटही वाटलं तुझ्यासाठी. मित्र गमावलास. पण खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, की मी वेडी नव्हते.

'तात्पुरती' काढून दुसरं पत्र लिहून देतो, म्हणालास. कंपनीला आता त्याची गरज नाही.

मला आहे. पाठव.

तुझी बहीण,
मुक्काम आईचं घर