वाण म्हणून दिलेली गोष्ट

आई, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला लिहितेय, आणि तेही मराठीत, कारण माझं इंग्रजी तू डिक्शनरी घेऊन वाचायचीस आणि मला त्याची लाज वाटायची. बाराव्या वर्षी मला अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलंस तेव्हा दम भरला होतास, "मराठी विसरलीस तर जेवायला वाढणार नाही." विसरले नाही. पण मला पुरुष नाही, बायका आवडतात, एवढं एक वाक्य मात्र तुझ्याशी त्या भाषेत कधी बोलता आलं नाही. मग मी ते गोष्टीत लिहिलं, इंग्रजीत, आणि वर स्वतःचं नाव घातलं.

दोन हजार एकपासून मी ज्या पुस्तकांच्या दुकानात काम करत होते, ते कसलं दुकान आहे हे तुला धड ठाऊक नव्हतं. "बायकांची पुस्तकं विकतात," असं तू लोकांना सांगायचीस. खोटं नव्हतं ते. मालकीण साठीची, कडक बाई. मला पुस्तकं लावायला शिकवता शिकवता ती त्यांचा सगळा इतिहास सांगायची. तिच्या तरुणपणी बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांच्या गोष्टी स्वस्त, कागदी बांधणीत मिळत; लोक त्या तपकिरी कागदात गुंडाळून नेत, आणि शेवटी दोघींपैकी एक मरायची, वेडी व्हायची, नाहीतर लग्न करून सुधारायची. तसा शेवट नसला तर छापायला कुणी तयार नसे. मग बायकांनी स्वतःच लहान लहान प्रकाशनं काढली. मग एड्सची साथ आली आणि एक अख्खं कपाट शोकाच्या पुस्तकांनी भरलं. त्यातले कितीतरी लेखक पुस्तक हातात पडेपर्यंत उरलेच नाहीत. त्या कपाटावरची धूळ ती मला पुसू द्यायची नाही, स्वतः पुसायची. माझी गोष्ट पहिल्यांदा तिनंच वाचली आणि म्हणाली, "कुणाला मारू नकोस. पुष्कळ मेले." म्हणून माझ्या गोष्टीतल्या दोन मुली जिवंत राहिल्या, आणि भारतातून आलेल्या घरांमधल्या आमच्यासारख्यांच्या गोष्टींचा एक संग्रह निघाला, त्यात ती छापून आली.

पुस्तक घरी आलं ते दोन हजार तीनच्या संक्रांतीच्या तोंडावर. कव्हरवर मेंदी काढलेले दोन हात. आत काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं, आणि मागची बाजू तू पाहिलीच नाहीस. लेकीचं नाव अमेरिकेतल्या छापील पुस्तकात, तुला तेवढं पुरे होतं. "दरवर्षी मेल्या स्टीलच्या वाट्याच काय लुटायच्या," म्हणालीस. "यंदा हेच वाण. मला अठरा कॉप्या मागवून दे." मी मागवल्या. शनिवारी दुपारी बायका येतात, गराजमध्ये स्नो बूट काढतात, रेशमी साड्या सावरत आत येतात. तू एकेकीला हळदीकुंकू लावतेस, अत्तर लावतेस, तिळगूळ देतेस, मग पुस्तकावर कुंकवाचं बोट टेकवून ते तिच्या हातात ठेवतेस. "माझ्या मुलीनं लिहिलंय हो. नक्की वाचा." मी मसाला दुधाचा ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

वाण कुणी परत करत नाही. मंगळवारी पहिलं परत आलं, दाराच्या मुठीला ग्रोसरीच्या पिशवीत अडकवलेलं. आठवडाभरात सात आली. ज्या काकू तुला दर गुरुवारी इंडियन स्टोअरला घेऊन जायच्या, त्यांचा फोन आला तेव्हा तुझे हात कणकेत होते, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. "वहिनी, माझी मुलगी हायस्कूलला आहे हो. तिनं टेबलावरून उचलून वाचलं ते. तुम्ही न वाचताच दिलंत ना? तेवढं सांगा, मी सगळ्यांना कॉल करून क्लिअर करते." तू मळायची थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "वाचूनच दिलं." त्या पुस्तकातलं एक पानसुद्धा तू तोवर वाचलं नव्हतंस. गुरुवारची गाडी त्यानंतर कधी आली नाही, आणि पुढच्या संक्रांतीला तू नेहमीइतकाच तिळगूळ केलास तर तिघी आल्या.

फोन झाला त्या दिवसापासून तू पुस्तक घेऊन बसलीस. तीन आठवडे, शेजारी डिक्शनरी, समासात पेन्सिलीनं लिहिलेले अर्थ. मी रागाची वाट पाहत होते, रडण्याची पाहत होते. वाचून संपल्यावर तू एवढंच विचारलंस, "त्या पोरीच्या आईला इतकी मूर्ख का दाखवलीस?" मी चिडले, मुख्य मुद्दा सोडून हे काय भलतंच, असं वाटलं मला. तू पुस्तक कपाटात ठेवलंस आणि कुकर लावलास.

दोन हजार सहात तू गेलीस. फ्युनरल होममध्ये सगळ्या बायका आल्या, रडल्यासुद्धा. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "मुलीच्या काळजीनं गेली." डॉक्टरांच्या कागदावर स्वादुपिंडाचा कॅन्सर लिहिला होता, तरी मला ते मागच्या रांगेतलंच खरं वाटलं. दोन वर्षांनी आमचं दुकान बंद पडलं. त्या पुस्तकांना आता मोठमोठ्या दुकानांत जागा होती, इंटरनेटवरून ती घरपोच मिळत होती, कॉलेजात शिकवली जात होती. मालकिणीला आनंद व्हायला हवा होता. ती खोकी बांधत होती, आणि मी तिला टेप कापून देत होते.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून आता लिहिते. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पुस्तकं रचताना तू मला विचारलं होतंस, "यात वावगं काही नाही ना गं? चार घरांत जाणार आहे." मी म्हणाले, "छे, काही नाही." पुढे तू बाबांना सांगत राहिलीस की पुस्तक कुणाकुणाच्या हातात जाणार हे कामाच्या गडबडीत पोरीच्या ध्यानात आलं नसेल. ध्यानात होतं, आई. तुझ्यासमोर बसून बोलायची माझी हिंमत नव्हती. वाटलं, अठरा जणींपैकी कुणीतरी वाचेल आणि तुला सांगेल, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.