लॉगआउट : कधीच नाही

५ फेब्रुवारी, सोमवार
पाळणाघरात आजपासून रुजू झाले. अठरा पोरं, दोन मावशी, मोठ्या बाई आणि मी. जागा उजेडाची, भिंती पिवळ्याधमक, आणि सगळ्यांना शिंकायची हौस! माझं काम नोंदींचं. दाराजवळच्या टॅबवर कोण कधी आलं, काय जेवलं, शी झाली का, हे टिपलं की लगेच आईबापांच्या फोनवर जातं. एका पोरीवर पहिल्याच दिवशी जीव जडला. तीन वर्षांची, घास गालात साठवून बसते, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बापाला कोर्टाने जवळ यायला मनाई केली आहे. त्याचे सगळे फोटो तिने फाडून टाकलेत. पोरीला न्यायला फक्त तीच येईल.

८ फेब्रुवारी, गुरुवार
या टॅबने डोकं उठवलं आहे. दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप लॉगआउट. हात शीने भरलेले, कडेवर एक भोकाड पसरून बसलेलं, आणि हा बारा अक्षरांचा पासवर्ड मागतो. मोठ्या बाई म्हणतात, मुलांची माहिती आहे, उघडी टाकायची नाही. त्या पाणी प्यायला उठल्या तरी लॉगआउट करून उठतात, जणू तिजोरीच राखतायत. शेवटी मीच सेटिंगमध्ये गेले. दोन मिनिटं, पाच, पंधरा, कधीच नाही. शेवटचं निवडलं. बाईंना सांगितलं नाही. मावशींनी मात्र खूश होऊन माझ्या वाटणीच्या बाटल्या धुतल्या.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी एक माणूस पाण्याचा फिल्टर बघायला आला. हसरा, बोलायला गोड. मी डायपर बदलत होते, म्हणून त्याला दाराशी थांबायला सांगितलं. हात धुऊन आले तर गायब. फिल्टरवाल्याला कोणी बोलावलं होतं, ते बाईंनाही सांगता येईना.

१४ फेब्रुवारी, बुधवार
खारूताई गेली.
मी आत पोरांना भरवत होते. धाकट्या मावशींनी तिला मामाकडे दिलं. टॅबवर न्यायला येणाऱ्यांच्या यादीत मामाचा फोटो होता, परवानगी देणारी म्हणून माझं नाव होतं. नोंद कालची, सकाळी १०.१२.
तिला मामाच नाही. फोटो फिल्टरवाल्याचा आहे.
त्याला पाहून ती रडली नाही म्हणे. नुसती चड्डीत शू झाली.
टॅबही नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
१२.४० ला आईच्या फोनवर नोंद आली. जेवण : नाही. मूड : रडका. खाली माझं नाव.
तो टॅब घेऊन बसलाय, आणि आत अजून मीच आहे. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून माझं लॉगइन बंद करायला धावले. पोलिसांनी अडवलं. तेवढाच एक धागा आहे, त्यावरूनच जागा शोधतोय म्हणाले. बाई माझ्याशी बोलत नाहीत. खारूताईच्या आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या पाया पडली. बंद करू नका म्हणाली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
९.०५ जेवण : नाही.
१.३० जेवण : नाही. मूड : शांत.
शेऱ्यात लिहिलंय, पासवर्ड विचारला नाही, ताईंचे आभार.
मला भीती वाटते. फार —

१७ फेब्रुवारी, शनिवार
पोलीस म्हणतात, जवळ पोचलोय.
१.१५ झोप सुरू.
झोपलेल्या मुलाला दर दहा मिनिटांनी पाहायचं, हा नियम. टॅबच आठवण करून देतो.
१.२५ श्वास ठीक.
१.३५ श्वास ठीक. तो नियम पाळतोय —
१.४५ श्वास ठीक.
आई माझ्या शेजारी बसली आहे. विचारते, हे तुम्हीच लिहिताय ना, ताई? नाव तर तुमचंच आहे. मी हो म्हणाले. देवा, मी हो म्हणाले.
१.५५ —
आलं नाही. विसरला असेल. आम्हीही कधी कधी —
१.५९
तिचा फोन वाजला. ती वाचतेय. वर बघत नाही. आता वर बघितलं — माझ्याकडे —