फसली १३५७ची सायकल

२३ जुलै, रविवार
करमाडला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान. सासऱ्यांनी विचारलं, काय देऊ? मामींनी चांदीचं निरांजन डब्यातून काढून ठेवलेलं दिसत होतं. मी म्हणालो, मामा, चांदी नको. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली ती जुनी सायकल द्या. मामींनी निरांजन परत डब्यात ठेवलं. साधेपणाचा परिणाम असा होतो.

मामा म्हणाले, न्या की. जावयापरीस सायकल मोठी हाय का. मग हँडलला अडकवलेला दुधाचा कॅन काढून खाली ठेवला. त्याला बराच वेळ लागला. वय झालं.

सायकल इंग्लिश आहे, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. विचारायचा योग आला नव्हता.

येताना सायकल कारच्या टपावर. बायको, तनुजा, शेंद्र्यापर्यंत बोलली नाही. मग वडिलांबद्दल म्हणाली, तात्या डेअरीवर दूध कसं नेतील? मी म्हणालो, चालण्यासारखा व्यायाम नाही.

संकल्प: अधिक महिना संपायच्या आत सायकलची ओळख पटवणे, साल निश्चित करणे, निबंध लिहिणे. वजन उतरेल ते वेगळं.

२५ जुलै
कॉलेजात दोन तास रद्द. वाणिज्यशास्त्र कुठे पळून जात नाही. नेटवर वाचलं. इंग्लिश सायकल नळ्यांच्या जोडांवरून, नंबरावरून, बारीक खुणांवरून ओळखतात. खुणा पुसू देऊ नका, असं ठळक अक्षरात. ते नवख्यांसाठी.

मामांना फोन. ते सांगू लागले, ती मिशनच्या दवाखान्यातल्या बाईची व्हती, बाई जाताना मला म्हणाली की... मी थांबवलं. ऐकीव माहितीनं संशोधन दूषित होतं. सायकललाच बोलू द्यायचं. मामा म्हणाले, बरं. काय म्हणती ती मला बी सांगा.

२७ जुलै
शोध लागला.

सीटच्या नळीवर एक सोनेरी स्टिकर होतं, अर्धं उडालेलं. पॉलिश पेपरनं काढून टाकलं. त्याच्याही वर, सीटखालच्या जोडावर, आकडे ठोकलेले. 1357. सामान्य माणूस याला सायकलचा नंबर समजला असता. पण आपण मराठवाड्यात आहोत. निजामाच्या काळी सरकारी कागदावर फसली सन असे. आमच्या शेताच्या जुन्या कागदांवरही आहे. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इसवी. म्हणजे १९४७.

एकोणीसशे सत्तेचाळीस. इंग्लंडमध्ये तयार झालेली, निजामाच्या राज्यात आलेली, फसली सन ठोकलेली सायकल. तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, गॅस बंद करा.

३० जुलै, रविवार
शहागंज. हबीबभाईंच्या दुकानात सायकल. मी म्हणालो, ओरिजिनल करना है. ते म्हणाले, हौ सर. ओरिजिनल होना तो सब नवा डालना पडता. माणूस समजूतदार.

कॅरिअर, स्टँड, चेनचं कव्हर काढायला लावलं. ही देशी भर. मागच्या चाकाच्या मधला हब डब्यासारखा फुगीर आणि जाम झालेला. त्याच्या जागी बारीक हबचं नवं चाक. जुन्याचं काय करना, विचारलं. मी म्हणालो, कचरा है. सगळा सांगाडा सँडब्लास्टनं खरवडून गडद हिरवा. इंग्रजांना हा रंग आवडतो, असं वाचलंय.

सरळ हँडलही बदललं. आता शर्यतीचं, खाली वळलेलं. हबीबभाई म्हणाले, सर, इसपे झुकके बैठना पडता, आप झुकेंगे? मी पोट आत घेतलं.

२ ऑगस्ट
मामांचा फोन. पंधरवडाभर सायकल वापराया भेटंल का, मग न्या परत. दुधाची येळ चुकती. म्हटलं, मामा, वस्तू आता संशोधनाखाली आहे. म्हणाले, व्हय का. लई दुखतंय का तिचं? मामांना विनोदबुद्धी आहे, हे नव्यानं कळलं.

तनुजानं सांगितलं, तात्या कॅन खांद्यावर घेऊन चालत जातात. पोचेपर्यंत डेअरीवाला काटा उचलून निघालेला असतो. दूध घरी परत. मी म्हणालो, तूप होईल. शुद्ध तूप हल्ली मिळतं कुठे. ती दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. उकाडा आहे.

६ ऑगस्ट, रविवार
सायकल आली. झळाळते आहे. बसून पाहिलं. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. पाठीत चमक. येताना हातात धरून आणली, म्हणजे लोकांना नीट बघता येते.

प्राचार्यांना भेटलो. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनानंतर सायकल पोर्चमध्ये ठेवायची, मी बोलायचं. विषय: साहेब गेला, सायकल राहिली. त्यांनी विचारलं, कंपनी कुठली? म्हटलं, ते भाषणात.

जुन्या सायकलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फसलीचा शोध टाकला. भरपूर अंगठे. पुण्याचे बेहेरे इंग्लिश सायकलींतले जाणकार. ते गप्प आहेत. असूया असावी.

९ ऑगस्ट
निबंधाचं शीर्षक तयार. समारोपाचं वाक्यही. मधलं राहिलंय.

११ ऑगस्ट
मामींचा फोन तनुजाला. मी मधेच घेतला आणि फसलीचा शोध समजावून सांगितला. मामी म्हणाल्या, तेराशे सत्तावन? आवो, तो ह्यांचा हजेरीचा टोकन नंबर. चितेगावच्या कंपनीत व्हते, तिकडंच खोली करून राहायचे तवा. स्टँडावरून सायकली चोरीला जायच्या, म्हणून तिथल्या फिटरनं ठोकून दिला. सीटच्या खाली हाय ना? त्योच.

टोकन नंबर आणि फसली सन योगायोगानं एकच असू शकतात. किंबहुना कंपनीनं सायकल पाहूनच टोकन दिलं असेल. ही शक्यता तळटीपेत घ्यायची.

मामी आणखी काही सांगत होत्या, म्हशीबद्दल. नेटवर्क गेलं. मी फोन बंद केला नाही.

१३ ऑगस्ट, रविवार
बेहेऱ्यांचा निरोप. नळ्यांच्या जोडांवरून सायकल खरोखर इंग्लिश दिसते, अभिनंदन. मला माहीतच होतं. पुढे लिहितात, साल काढणं सोपं आहे. सीटच्या नळीवर सोनेरी स्टिकर असेल, त्याचा फोटो पाठवा. आणि मागचा हब फुगीर, गिअरचा असेल तर प्रश्नच मिटला. त्यावर बनवल्याचा महिना आणि साल ठोकलेलं असतं.

शहागंजला गेलो. हबीबभाई म्हणाले, वो चाक? वो तो उसीच दिन भंगार में गया सर. आपीच बोले ना, कचरा है.

मोबाइलमधले जुने फोटो पाहिले. सगळ्यांत सायकलसमोर मी उभा आहे.

१५ ऑगस्ट
साल निश्चित नसलं तरी विचार मांडता येतो. सायकल पोर्चमध्ये लावून ध्वजवंदनाला गेलो. परत येतो तर पोर्च रिकामा. शिपायानं कुणा पोराची समजून पार्किंगमध्ये नेली होती. सापडेपर्यंत प्राचार्य जिलेबी खाऊन निघून गेले. भाषण पाठ होतं. तनुजाला म्हणून दाखवायला घेतलं. ती म्हणाली, उद्या अधिक महिना संपतोय, सायकल करमाडला पोचवा. नाहीतर मी पोचवते.

१६ ऑगस्ट
स्वतःहून ठरवलं, सायकल परत करायची. संशोधकानं वस्तूला चिकटून राहू नये. पुन्हा टपावर.

मामी दारात. गोठा झाडून स्वच्छ. दावणीला काही नाही. मामी म्हणाल्या, मागच्या बुधवारी दिली म्हैस. रोज दूध माघारी यायचं, मंग कशाला ठिवायची. तनुजा चपला न काढता तशीच मागच्या बाजूला गेली. मी म्हणालो, मामा, सायकल आणलीय. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

मामा बाजेवर होते. उठून आले. सायकलीभोवती एक फेरी मारली. कॅरिअर असायचं तिथे हात नेला, तिथे काही नव्हतं. हँडल धरायला वाकावं लागलं. म्हणाले, कोणाची हाय?

मी म्हणालो, तुमचीच.

ते म्हणाले, माझी काळी व्हती.

मी रंगाविषयी सांगितलं. चाकाविषयी सांगितलं. इंग्लिश असल्याचं पुण्याहून कळलंय, हेही. ते ऐकत होते. जावई बोलताना ते मध्ये बोलत नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, मंग कोण्या सालची निघाली?

म्हटलं, अजून नक्की नाही.

मामा म्हणाले, नवीच दिसती.