सान लिसार्दोच्या वहीतलं नाव

वॉलॉंगॉंग, ४ ऑगस्ट २०२४
ती. बाबांस,
मयूराचा सा. न. वि. वि.
तुम्हाला टाईप केलेलं पत्र चालत नाही, म्हणून हॉस्पिटलच्या शिफ्टनंतर हाताने लिहून फोटो पाठवतेय. सुरुची सहा वर्षांची झाली, आगाऊपणात तुमच्यावर गेलीय.

एक काम आहे. सासूबाईंचं चिलीतलं गाव, सान लिसार्दो, एकदा समुद्राने अख्खं गिळलं. उरलेल्या एकाहत्तर घरांनी टेकडीवर नवं गाव वसवलं. तेव्हापासून दर सोळा नोव्हेंबरला नगरपालिकेत या घरांची हजेरी घेतात. परदेशी असणाऱ्याने आधी फॉर्म पाठवायचा, मग त्याला फोन लावतात. लागोपाठ तीन वर्षं कुणी ओ दिली नाही, तर त्या घरची कबरीची जागा नगरपालिका परत घेते. सासरे गेल्यापासून दोन वर्षं चुकली. सासूबाईंची आई तिथे पुरलेली आहे, त्यांना जेवण जात नाही. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे फॉर्म त्यांना दिसत नाही आणि तुमचा जावई मातियास खाणीच्या कामावर पर्थला. तुमचा जन्म नगरपरिषदेत गेला, सांगा, कसा भरू?

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
मयूरा

वेंगुर्ला, ६ ऑगस्ट
चि. मयूरास अनेक आशीर्वाद.
अगं, नगरपालिका इथली काय नि तिथली काय, फॉर्म तो फॉर्मच! एकही रकाना कोरा ठेवू नकोस. नाव पूर्ण लिही: विहीणबाईंचं, मग त्यांच्या यजमानांचं, मग आडनाव. अर्धवट नावाचे अर्ज मी अठ्ठावीस वर्षं परत पाठवलेत. पोच मागून घे. त्यांचा अल्काल्दे म्हणजे आपला नगराध्यक्षच ना? मग घाबरतेस काय!

सुरुचीला पापा. आमची आठवण काढत जा.
बाबा

वॉलॉंगॉंग, २० ऑक्टोबर
ती. बाबांस, सा. न.
घोळ झाला. फॉर्म परत आलाय. ‘एल्विरा रामोन रोहास’ नावाचं कुणी त्यांच्या वहीत नाही. तिकडे बाई लग्नानंतर नाव बदलतच नाही! सासूबाई अजूनही एल्विरा फुएन्तेस मोराल आहेत, वडिलांचं आडनाव आणि मग आईचं. इथल्या पत्रांवर ‘मिसेस रोहास’ येतं, म्हणून मला शंकाच आली नाही. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही हो.

मुदत संपली. सासूबाईंनी आईचा फोटो तेवढा कपाटातून काढून उशाशी ठेवलाय. तुमच्यावर चिडलेय, पण स्वतःवर जास्त.

रागावले तरी तुमचीच,
मयूरा

वेंगुर्ला, २१ ऑक्टोबर
चि. मयूरास आशीर्वाद.
चूक माझी, तुझी नाही. न विचारता शहाणपणा केला. आता रडत बसू नकोस. चूक कबूल केलेला अर्ज मुदतीनंतरही आम्ही सभेपुढे ठेवायचो, त्यांच्याकडे तशी सोय आहे का विचार. सोबतचं पत्र मातियासकडून स्पॅनिश करून घे. त्यात लिहिलंय की हे नाव मी सांगितलं, आमच्याकडे असंच लिहितात, एका कारकुनाच्या चुकीपायी लेकीची आईपासून ताटातूट करू नका. खाली पूर्ण सही केलीय: मोहन तिरोडकर, निवृत्त अधीक्षक.

विहीणबाईंना सांग, मी हात जोडलेत. तूही पोटात राग ठेवू नकोस.
बाबा

वॉलॉंगॉंग, १७ नोव्हेंबर
ती. बाबांस, शि. सा. न.
तिथली संध्याकाळ म्हणजे इथली रविवारची सकाळ. सासूबाई सातपासूनच ठेवणीतला ड्रेस घालून फोनसमोर बसल्या होत्या. आधी नगराध्यक्षबाईंनी सभेत तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. लोक हसले आणि मग अर्ज मंजूर म्हणून सगळ्यांनी हात वर केले! मग पुकारा झाला, एल्विरा फुएन्तेस मोराल. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या, ‘प्रेसेंते’, म्हणजे ‘हजर’, म्हणाल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले.

मग कारकुनाने विचारलं, यांच्यामागे ओ कोण देणार? पर्थहून आलेल्या मातियासला बाजूला सारून त्यांनी सुरुचीला पुढे केलं. बाबा, तिकडे लेकराला आईच्या माहेरचंही आडनाव लागतं. वहीत आता लिहिलंय: सुरुची रोहास तिरोडकर.

आता तरी हसा,
मयूरा

वेंगुर्ला, १८ नोव्हेंबर
चि. मयूरास आशीर्वाद.
तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवत होतो. शेवटाला मला वाचवेना, मग तिनेच वाचलं.

तुझ्या लग्नानंतर आपल्या रेशनकार्डावरून तुझं नाव कमी करायला मीच तहसीलला गेलो होतो. नियम म्हणून गेलो. घरी येऊन त्या दिवशी जेवलो नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तुझा,
बाबा