दोन वाट्या तांदूळ

फुमिए,

होक्काइदोच्या गार वाऱ्यातून तुझी खुशाली विचारतो. माझी कंबर बरी आहे, म्हणजे फारशी कुरकुरत नाही.

जुन्या गादीचे तू शिवलेले पडदे गाडीच्या खिडक्यांना चपखल बसलेत. बाहेर गारठा, आत झोपायला ऊब! गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कुकरही झकास आहे. फक्त हात सवयीनं दोन वाट्या तांदूळ घेतो. उरलेला भात शेजारच्या गाडीतल्या किनुयोबाईंना दिला. त्याही नवऱ्याबरोबर अशाच गाडीतून फिरतात.

म्हणाल्या, "बायकोला घरी ठेवून मजा चाललीय होय?"

मी म्हटलं, "तीच म्हणते, मी काय डब्यातला मासा आहे, गाडीत झोपायला?"

मला वाटलं, हसतील. तर म्हणाल्या, "अहो, ते निमित्त. तिचे गुडघे कसे आहेत?"

संसाराच्या एकोणचाळीस वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नाही बघ.

आज दुकानातून गाडीत चढायला घडीची पायरी आणली. रुंद आहे, धरायला दांडाही आहे. मी चढून पाहिलं, मला काही तिची गरज नाही.

गुडघ्याला पट्टी लावतेस ना?

दोघांचा भात शिजवणारा,
तुझा त्सुनेओ