उशिरा पोहोचलेलं ‘ये’

तीर्थरूप मामांस,

तुमच्या एकुलत्या एक भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कमरेने परवानगी दिली नाही, तेव्हा उभ्या उभ्या केलेला गोड मानून घ्यावा. इकडे सर्व ठीक आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो. प्रत्यक्षात आई बोलत नाही, बायको बोलते ते ऐकवत नाही, आणि या सगळ्याचं मूळ मी आहे यावर दोघींचं एकमत आहे. (एरवी त्यांचं भाजीतल्या मिठावरसुद्धा होत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं शिवणकाम जोरात चालू असेलच.

गेले काही रविवार तुम्ही फोन करता आणि इकडे कोणी उचलत नाही, याचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. पण आम्ही घरात नसतो असं समजू नका. आई फोनशेजारच्या खुर्चीतच बसलेली असते, वाजून वाजून तो गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते आणि मला हात लावू देत नाही. तिची पक्की समजूत झाली आहे की तुम्हाला ती तुमच्या घरी नको आहे. ही समजूत माझ्या नव्या फोनने करून दिली, आणि ती काढायला हे पत्र. (मोबाईलवरून सांगितलं असतं, पण अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही, आणि माझा नंबर इतक्या वर्षांत तुमच्या ओळखीचा झालेला नाही.)

त्याचं असं झालं. माझ्या चष्म्याच्या दुकानात इंटरनेट कंपनीचा एक माणूस वाचायचा चष्मा करायला आला. मी त्याला फ्रेम विकायला बसलो आणि उठलो तेव्हा त्याने मला टेलिफोन विकला होता. जुन्या तारेच्या फोनवर पैसे कशाला घालवता, म्हणाला. नंबर तोच राहील, यंत्र तेच राहील, फक्त आवाज इंटरनेटवरून जाईल आणि बिल निम्म्याच्याही खाली येईल. मी भाळलो. (त्याने फ्रेमचं घरी विचारून सांगतो म्हटलं होतं. अजून विचारतोच आहे.) चालू आहे ते कशाला बिघडवायचं, असं बायको म्हणाली, पण हा प्रश्न तिने लग्नापासून इतक्यांदा विचारला आहे की मला तो आता ऐकूच येत नाही. मग एक काळी डबी आली, तिला जुना फोन जोडला गेला, आणि डबीवर हिरवे दिवे लुकलुकू लागले. हे मेलं दिवसभर माझ्याकडे बघून डोळे मिचकावतं, असं म्हणून आईने मामींनी मागे पाठवलेलं ते कापूस भरलेलं, फुलाफुलांचं जाड झाकण त्याच्यावर घातलं. दिसायला छान दिसतं. (ते चहाच्या किटलीचं आहे असं बायकोचं म्हणणं, पण आमच्याकडे किटली नाही आणि मामींचं मन मोडायची हिंमतही नाही.)

आता तुमच्या आणि आईच्या बोलण्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला कळायला लागल्यापासून तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता. ती तिच्या पाठदुखीचं सांगते, तुम्ही गच्चीच्या गळतीचं सांगता, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि शेवटी मन मोकळं झालं म्हणून दोघंही समाधानाने फोन ठेवता. नव्या फोनवर मात्र इकडचं तिकडे पोहोचायला उशीर होऊ लागला. तुम्ही नेहमीसारखं मध्येच तोंड घालत होता, पण ते इथे येईपर्यंत आईचं वाक्य पुरं व्हायचं, आणि तुमच्याशी बोलताना वाक्य पुरं व्हायची तिला सवयच नाही. पहिल्या रविवारी तिने तब्येत विचारली. शांतता. झालं, दादा काहीतरी लपवतोय. पुढच्या रविवारी विचारलं, वहिनी बरी आहे ना? पुन्हा शांतता. म्हणजे दोघांचं बिनसलंय. (त्यावर त्या आठवड्यात इथे जी चर्चा झाली, ती मामींच्या हाती पडू शकणाऱ्या कागदावर लिहिण्यासारखी नाही.) आणि त्यानंतरच्या रविवारी, बॅग भरून दाराशी ठेवून, तिने विचारलं, दादा, महिनाभर राहायला येऊ का?

तुम्ही लगेच ‘ये’ म्हणाला असणार. म्हणाला होता ना? पण ते वाटेत असतानाच आईने फोन ठेवला. बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात लावले आणि मला म्हणाली, “विचार करावा लागला रे त्याला.” मामा, मला ऊठसूट थट्टा सुचते हे तुम्ही जाणता, पण त्या दिवशी तिच्याकडे बघवलं नाही. बाबा गेल्यापासून हक्काने जाऊन राहावं असं तिला तुमचंच एक घर आहे.

मला संशय आला म्हणून मी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि बायकोला बाहेरच्या खोलीत घरच्या फोनवर बोलायला लावलं. तिचं ‘हॅलो’ आधी दारातून आलं, मी नळ बंद केला, ओटा पुसला, मग तेच ‘हॅलो’ मोबाईलमधून आलं. (बायकोचं बोलणं दोनदा ऐकावं लागणं हा या योजनेचा भाग असल्याचं त्या माणसाने सांगितलं नव्हतं.) आईला हे सारं समजावलं. ती म्हणाली, “तुझ्या मामाची बाजू घेऊ नकोस.”

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमचा भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. हे पत्र मिळाल्यावर येत्या रविवारी फोन करा. मी झडप घालून उचलीन आणि आईच्या कानाला लावीन. ती काय म्हणते याची वाट बघू नका. तब्येत, गच्ची, हवा, काही नको. पहिल्या श्वासाला “ये” म्हणायला लागा आणि म्हणतच राहा. त्यातलं एखादं तरी वेळेवर पोहोचेल.

ता. क. २. बायकोने आत्ता ते झाकण धुवायला काढलं. आत डबी इस्त्रीसारखी तापलेली होती. गार झाल्यावर पुन्हा बोलून पाहिलं, तर ‘हॅलो’ दारातून आणि मोबाईलमधून जवळजवळ बरोबरच आलं. म्हणजे कंपनी सुटली, मी सुटलो आणि डबीचा जीव मामींच्या कापसाने गुदमरत होता. (हे मामींना वाचून दाखवू नका.) हे पत्र फाडून नवं लिहायला हवं, पण दुकान उघडायचं आहे. आईने मघाशी पलंगाखालून बॅग काढली. भरली नाही, नुसती पुसून ठेवली आहे. तेव्हा रविवारी नक्की करा, आणि एक ध्यानात असू द्या. फोन आता दुरुस्त आहे. यापुढे शांतता पडली, तर ती तुमचीच धरली जाईल.